‘गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू’ मराठीत आणताना सैतानाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताय. कापडगिरणीतला एक म्हातारा कामगार आपल्या मेलेल्या मुकादमाबद्दल म्हणतो, "आय नेव्हर लाइक्ड द मॅन, बट टु गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू, ही नेव्हर चीटेड अ वर्कर आउट ऑफ अ पेनी." तुम्ही लिहिलंत, "मला तो माणूस कधीच आवडला नाही, पण सैतानाला त्याचे देणे द्यायचे तर, त्याने कामगाराला एका पेनीलाही फसवले नाही." संपादकांनी मधला तुकडा खोडून "सैतानालाही श्रेय द्यायला हवे" असं केलं. तुम्हाला दोन्ही खटकतंय आणि मराठीत याला नेमकी म्हण कोणती, असं तुम्ही विचारलंय.

खटकतंय ते योग्यच आहे. पण म्हणीला म्हणच हवी असा हट्ट धरलात तर या वाक्यात अडकून पडाल. ‘गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू’ म्हणजे नावडत्या माणसाचाही गुण मान्य करणं. इंग्रजीत हा वाक्प्रचार इतका वापरून गुळगुळीत झालाय की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शिंगं-शेपटी येत नाही. मराठीत ‘सैतान’ लिहिलात की येते. म्हाताऱ्याने मुकादमाला सैतान म्हटलेलं नाही. ‘मला आवडायचा नाही’ एवढंच त्याचं म्हणणं. तुमच्या वाक्यात मुकादम एकदम खलनायक झाला आणि संपादकांच्या दुरुस्तीतही तो तसाच राहिला. म्हणजे खरा प्रश्न असा, की बोलणारा या चार-पाच शब्दांनी काय साधतोय आणि तेच मराठी माणूस कशाने साधतो?

तो तीन गोष्टी साधतोय. एक, माझं मत वाईट आहे आणि ते बदललेलं नाही. दोन, जे सांगणार आहे ते मनाविरुद्ध, पण खरं म्हणून सांगतोय. तीन, स्तुती एवढ्याच बाबीपुरती आहे, तिच्यावरून माणूस चांगला होता असं समजू नका. अनुवादात या तिन्ही गोष्टी उतरल्या की काम झालं. सैतान आला काय, न आला काय.

आता ‘ड्यू’बद्दल, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘देणं असणे’ हे क्रियापद आहे. ‘डेट’ म्हणजे कर्ज, तोही त्याच मुळाचा. म्हणजे मुळात हा व्यवहार देण्याघेण्याचा होता: देणं सैतानाचं असलं तरी बुडवू नये. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात हा अर्थ अगदी ठळक दिसतो. राजपुत्राचा खादाड, पियक्कड दोस्त फॉलस्टाफ, त्याने गुड फ्रायडेला एक पेला मदिरा आणि थंड कोंबडीची तंगडी एवढ्यावर आपला आत्मा सैतानाला विकला, अशी टोळक्यातला पॉइन्स त्याची चेष्टा करतो. त्यावर राजपुत्र म्हणतो की हा शब्दाला जागेल, सैतानाला त्याचा सौदा मिळेल, म्हणी मोडण्याची याला सवय नाही, हा सैतानाचं देणं चुकतं करील. तिथे सैतान खरोखरचा आहे, कर्ज खरोखरचं आहे आणि ‘देणं’ हाच शब्द बरोबर आहे. ते नाटक 1598 मध्ये छापलं गेलं. पुढे देणं मागे पडलं आणि ‘नावडत्या माणसाचाही गुण मान्य करणं’ हा अर्थ उरला. तुमचा गिरणी कामगार या दुसऱ्या अर्थाने बोलतोय. तुम्ही ‘देणे’ लिहून पहिला अर्थ परत आणलात, म्हणून वाचकाला वाटतं, मुकादमाचे पैसे कोणाकडे राहिलेत की काय.

मग मराठीत काय? मराठीत हे काम म्हणीपेक्षा अव्ययं आणि बोलण्याच्या लकबी करतात आणि ती बारीक हत्यारं आपल्याकडे मुबलक आहेत. ‘मात्र’ घ्या. "हिशेब मात्र चोख ठेवायचा." एवढ्या चार शब्दांत बाकी सगळं वाईट होतं हे न सांगता सांगून झालं. पण ‘मात्र’ची जागा चुकवू नका. ज्याची स्तुती करायची त्या शब्दाला तो चिकटून मागे यायला हवा. "हिशेब मात्र तो चोख ठेवायचा" म्हटलं की हिशेब सोडून बाकीच्यात गडबड. "तो मात्र हिशेब चोख ठेवायचा" म्हटलं की बाकीचे मुकादम गडबड करायचे. शब्द तेच, पण दुसऱ्या वाक्याने मूळ अर्थ पार उलटला.

‘बाकी’ वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि मनातली कुरकुर बाजूला सारल्याचं दाखवतं: "बाकी काही म्हणा, शब्दाला पक्का होता." ‘असेल तसा असेल, पण’ हेही त्याच जातीचं. ‘पण एक आहे’ ही लकब मला या वाक्प्रचाराच्या सर्वांत जवळची वाटते: "पण एक आहे हं, कामगाराचा पैसा कधी अडकवला नाही." त्या ‘एक’मध्येच मर्यादा आली, की एकच गोष्ट चांगली होती. आणि जिथे बोलणाऱ्याचा प्रामाणिकपणा पुढे आणायचा असेल तिथे ‘खोटं कशाला बोलू’. ही कबुली मराठी माणूस अगदी याच ठिकाणी देतो: ज्याच्याबद्दल वाईटच बोलायचं ठरवून बसलोय, त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा.

म्हणून तुमचं वाक्य मी असं करीन:

"माणूस मला कधी आवडला नाही. पण खोटं कशाला बोलू, कामगाराची एक पै कधी बुडवली नाही त्याने."

यात तीन निर्णय आहेत, त्यांची कारणं सांगतो. ‘फसवणे’ काढून ‘बुडवणे’ घेतलं, कारण मजुरीच्या पैशाला मराठीत हेच क्रियापद लागतं. मुकादम कामगाराची मजुरी बुडवतो, फसवणूक दुकानदार करतो. ‘पेनी’ची ‘पै’ केली, कारण इथे नाणं मोजायचं नाही, ‘अगदी थोडेसुद्धा’ एवढंच सांगायचंय. याच कादंबरीत दुसरीकडे आठवड्याचा पगार अमुक शिलिंग अमुक पेन्स असा येत असेल तर तिथे पेन्सच ठेवा. तिथे पै घातलीत तर इंग्लंडातली गिरणी परळला येईल. आणि ‘त्याने’ वाक्याच्या शेवटी नेलं, कारण म्हातारा माणूस आठवत-आठवत बोलताना कर्ता असा मागून जोडतो. हाच मजकूर निवेदकाच्या तोंडी असता तर ‘त्याने’ आधी घेतलं असतं आणि ‘खोटं कशाला बोलू’ऐवजी ‘हे मान्य करायलाच हवं’ वापरलं असतं.

परिस्थितीवर किती अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. बोलणाऱ्याचा राग किती, समोर कोण बसलंय, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो हजर आहे का, काळ कुठला, या सगळ्याने शब्द बदलतो. हाच म्हातारा मुकादमाच्या विधवेसमोर बोलत असेल तर ‘पण एक आहे हं’ उद्धट वाटेल. तिथे "हिशेबाला मात्र फार चोख होते ते" असं आदरार्थी रूप येईल. जुन्या वळणाच्या निबंधात किंवा न्यायालयातल्या भाषणात हा वाक्प्रचार आला तर आपल्या हाताशी संस्कृत सुभाषित आहे, "शत्रोरपि गुणा वाच्या दोषा वाच्या गुरोरपि": शत्रूचेही गुण सांगावेत, गुरूचेही दोष सांगावेत. अर्थ चपखल बसतो. पण ते पंतोजीच्या तोंडी शोभतं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणी कामगाराच्या नाही. तीच गत रावणाची. ‘रावणसुद्धा विद्वान होता’ हे आपल्याकडे सहज बोललं जातं, पण इंग्रज पात्राच्या तोंडी ते घातलं की वाचक त्या गावातून उठून आपल्या अंगणात येतो.

आता संपादकांच्या ‘श्रेय’बद्दल. हा शब्द अनुवादात फार सढळ हाताने वापरला जातो आणि निम्म्या ठिकाणी चुकतो. संस्कृतात श्रेय म्हणजे अधिक चांगलं, कल्याणाचं. कठोपनिषदातलं श्रेय आणि प्रेय अनेकांना आठवेल. आजच्या मराठीत ते ‘क्रेडिट’च्या अर्थाने रुळलंय, त्याला हरकत नाही. पण श्रेयाला घडलेली गोष्ट लागते. पूल झाला, सामना जिंकला, योजना मंजूर झाली, की श्रेय कोणाचं हा प्रश्न येतो. म्हणूनच श्रेय लाटता येतं आणि वर्तमानपत्रात ‘श्रेयवाद’ रंगतो. प्रामाणिकपणाचं श्रेय देता येत नाही. मुकादमाने पैसे बुडवले नाहीत यात घडलेलं काही नाही, तो त्याचा गुण आहे. गुण मानायचा असतो, कबूल करायचा असतो. संपादकांना हे एवढंच दाखवलंत तरी ते ऐकतील.

ज्या वाक्यात ‘श्रेय’ बसत नाही तिथे दुसरे शब्द आहेत, पण त्यांचीही आपापली दिशा आहे. ‘शाबास’ वरून खाली जातं. फारसीतल्या ‘शाद बाश’चं, म्हणजे ‘खूश राहा’चं, ते रूप आहे. आजीने नातवाला, गुरुजींनी मुलाला म्हणावं. पाठ थोपटणंही तसंच. नव्या कारकुनाने साहेबांना ‘शाबास’ म्हटलं तर मराठी वाचक दचकेल, मग इंग्रजीत ‘वेल डन, सर’ का असेना. खालून वर जाताना ‘कमाल केलीत’, ‘तुम्हालाच जमलं हे’ असं काही लागतं. यातही सांभाळायचं आहे: ‘कमाल केलीत’ ही स्तुती, ‘कमाल आहे तुमची’ ही बहुतेक वेळा तक्रार. ‘धन्य आहेस’ जवळच्या माणसाला म्हटलं की जवळपास नेहमीच टोमणा असतो. ‘हात टेकले’ हेसुद्धा वैतागाकडे झुकतं. ‘कौतुक’ आपल्या माणसाचं होतं. त्यात माया आहे, म्हणून वैऱ्यासाठी ते चालत नाही. मुकादमाचं कौतुक केलं असं लिहिलंत तर पहिलं वाक्यच खोटं पडेल.

‘दाद’ या शब्दावर मात्र थोडं थांबतो, कारण ‘ड्यू’च्या मूळ अर्थाच्या इतकं जवळ मराठीत दुसरं काही नाही. फारसीत दाद म्हणजे न्याय. मराठीत आपण न्यायालयात दाद मागतो, ‘दाद ना फिर्याद’ म्हणतो, तिथे तो जुना अर्थ जसाच्या तसा आहे. आणि मैफलीत गायकाने समेवर अचूक येऊन दाखवलं की आपण दाद देतो. ज्याचं जे व्हायला हवं ते त्याला दिलं, हा न्यायाचाच भाग. त्यामुळे दाद शत्रूलाही देता येते. "डाव त्याने टाकला माझ्याच विरुद्ध, पण दाद द्यावी असाच होता." पण दाद मिळायला कसब लागतं: गाणं, खेळी, युक्तिवाद, डावपेच. पगार वेळेवर दिला म्हणून कोणी दाद देत नाही. आणि ‘तो कोणाला दाद देत नाही’ म्हटलं की अर्थ पुन्हा वेगळा, तो कोणाला जुमानत नाही. नकारार्थी वाक्यात हा शब्द घेताना दोनदा वाचा.

या कुटुंबातले बाकीचे वाक्प्रचारही पुढे-मागे तुमच्या कादंबरीत भेटतील.

‘क्रेडिट व्हेअर क्रेडिट इज ड्यू’ हा बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या उपदेशाच्या वळणावर आहे: कर ज्याचा त्याला, मान ज्याचा त्याला. मराठीत ‘ज्याचं श्रेय त्याला’ छान चालतं, कारण इथे बहुधा घडलेलं काम असतं. पण त्याची वाक्यातली जागा बघा. इंग्रजीत तो पुष्कळदा टीकेच्या आधी येतो: नगरपालिकेने गटारं दुरुस्त केली, ज्याचं श्रेय त्याला, पण रस्ते तसेच राहिले. सैतानाच्या वाक्यात क्रम उलटा असतो, आधी नापसंती आणि मग कबुली. मराठीतही ‘पण’च्या पुढे जे येतं तेच वाचकाच्या मनात राहतं. ओघासाठी म्हणून दोन भागांची अदलाबदल केलीत तर स्तुतीची टीका होईल.

‘टु हिज क्रेडिट’साठी मराठीत तयार शब्द आहे आणि अनुवादात तो फारसा दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं: जमेची बाजू. ‘क्रेडिट’ हा शब्द मुळात लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा आणि तो हिशेबाच्या वहीत जाऊन बसला. आपल्या कीर्दीतही जमा आणि नावे अशा दोन बाजू. "टु हिज क्रेडिट, ही अपॉलोजाइझ्ड" याचं "त्याच्या श्रेयाला, त्याने माफी मागितली" असं भाषांतर मी छापील पुस्तकांत वाचलंय. "माफी मागितली, ही त्याची जमेची बाजू" असं लिहा. किंवा संवाद असेल तर "माफी तरी मागितली त्याने". त्या ‘तरी’मध्ये सगळं आलं. आणि ‘शी इज अ क्रेडिट टु हर स्कूल’ दिसलं तर तिथे शाळेचं नाव काढलं, एवढंच.

‘यू हॅव गॉट टु हँड इट टु हर’ याला ‘मानलं पाहिजे तिला’. हे अमेरिकन वळण मोकळंढाकळं आहे, त्यामुळे मराठीतही बोलीतलंच हवं. इथे संबोधन काम करतं. ‘मानलं बुवा’ कोणीही कोणालाही म्हणेल, ‘मानलं राव’ मित्रांत, ‘मानलं बाई तुला’ बायकांच्या बोलण्यात, ‘मानलं भावा’ कोल्हापूरकडे. पात्राचं वय आणि नातं ठरवा, मग यातलं एक घ्या. उपशीर्षकं करत असाल, पडद्यावर दोन ओळी आणि वाचायला दोन-तीन सेकंद असतील, तर नुसतं ‘मानलं!’ पुरतं.

‘हॅट्स ऑफ’ शब्दशः कधीही आणू नका. टोपी घालणे म्हणजे फसवणे, टोपी उडवणे म्हणजे थट्टा करणे, टोपी फिरवणे म्हणजे पक्ष बदलणे. मराठीतल्या टोपीला मानाचं काम फारसं मिळालेलं नाही. शिवाय आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर, दरबारात डोकं झाकून जाण्याची रीत होती. पागोटं उतरणं हा अपमान होता. युरोपात उलट, टोपी काढणं हा मान. म्हणून कृती बदलावी लागते: मुजरा, सलाम, किंवा शहरी तरुण पात्र असेल तर सरळ देवनागरीत ‘हॅट्स ऑफ’. ते आता मराठी बोलण्यात आहेच. ‘मानाचा मुजरा’ भाषणात आणि फलकांवर इतका आलाय की घरगुती संवादात तो पोकळ वाजतो. तिथे टाळा.

सैतान ठेवायचाच, अशा जागाही आहेत. वर सांगितलेला फॉलस्टाफचा प्रसंग एक. दुसरा ‘हेन्री द फिफ्थ’मधला, अझिनकोरच्या लढाईच्या आदल्या रात्रीचा. फ्रेंच छावणीत दोन सरदार एकमेकांवर म्हणी फेकतायत. एकजण ‘गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू’ म्हणतो आणि दुसरा लगेच पकडतो, म्हणजे तुझा मित्र तो सैतान, असं ना! पुढचं वाक्य आधीच्या शब्दावर उभं असेल तर तो शब्द काढता येत नाही. अशा वेळी मी ‘ज्याचं देणं त्याला, मग तो सैतान का असेना’ असं म्हणीच्या तालावर बांधीन. यात देणंही राहतं, सैतानही राहतो आणि मराठी कानाला ते ओळखीचं वाटतं. तेव्हा तुमच्या कादंबरीत एक खात्री करून घ्या. मुकादमाला आधी किंवा नंतर कोणी ‘डेव्हिल’ म्हटलंय का? गिरणीतल्या पोरांनी त्याला ठेवलेलं नाव तेच आहे का? संगणकावरच्या प्रतीत ‘डेव्हिल’ शोधा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तसं असेल तर लेखकाने तो शब्द मुद्दाम पेरलाय आणि मग वरचं माझं वाक्य अपुरं पडेल. त्या परिस्थितीत असं करून बघा:

"माणूस मला कधी आवडला नाही. सैतानच होता. पण सैतान झाला म्हणून खोटं कशाला बोलू, कामगाराची एक पै कधी बुडवली नाही त्याने."

शोधात काहीच सापडलं नाही तर पहिलंच वाक्य ठेवा आणि संपादकांना पाठवताना समासात एवढंच लिहा: सैतान मुळात रूपक म्हणून जिवंत नाही, पुढे कुठे त्याचा संदर्भ नाही, म्हणून काढला.